गोंडवनाचे नाव

नागपूरच्या उत्तरेस, कन्हानच्या खोऱ्यात सिल्लेवाडा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील खाणीतला वालुकाश्म फुटला, की त्याच्या थरांतून कधी कधी पानांचे ठसे निघत. आकार लांबट, जिभेसारखा. मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही अंगांस बारीक शिरांचे जाळे. ते झाड नाहीसे होऊन सुमारे पंचवीस कोटी वर्षे लोटली होती, तरी जाळ्याची वीण डोळ्यांस दिसावी इतका ठसा स्वच्छ.

ही पाने जमविणारे गृहस्थ पेशाने भूशास्त्रज्ञ नव्हते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ पासून नागपुरास राहत होते. १८५१ च्या सुमारास शहराजवळच्या टाकळी भागात त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंख आढळले. लाव्हा वाहून थंडावला, त्यावर तळे साचले, तळ्यात जीव नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला, असा त्या शंखांचा अर्थ. दोघांनी दगडांचा असा शोध पुढे चालविला आणि १८५५ मध्ये त्यांचा नागपूरच्या जीवाश्मांवरील निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला.

हिस्लॉप यांना दुसरी ओढ होती ती गोंडांच्या भाषेची व गीतांची. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडांची गाणी आणि खडकातील पाने एकाच माणसाने जपली. पण या दोहोंना जोडणारे नाव ऐकण्यास तो उरला नाही.

ते नाव १८७२ मध्ये मेडलिकट या भूशास्त्रज्ञाने सुचविले. ज्या प्रदेशात हे थर उघडे पडतात तो एके काळी गोंड राजांचा, म्हणून थरांस ‘गोंडवन’ म्हणावे. १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ते छापून रूढ केले.

एव्हाना एक कोडे उभे राहिले होते. ग्लोसोप्टेरिस या नावाने ओळखले जाणारे तेच पान ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही सापडत होते. मधले महासागर त्याने ओलांडले कसे? १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी उत्तर दिले, की हे देश एकाच विशाल भूमीचे तुकडे असून मधला भाग समुद्रात बुडाला. त्या भूमीस त्यांनी गोंडवनभूमी म्हटले. गोंडांचे राज्य लयास गेल्यावर त्यांचे नाव एका खंडास मिळाले, हा योग विलक्षणच!

जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये निराळे सांगितले: भूमी बुडाली नाही, ती दुभंगून सरकली. चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई गावाजवळ याचा बोलका साक्षीदार आहे. वैशाखात जेथे अंगाची लाही होते, तेथे चुनखडीच्या शिळेवर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या हिमनदीत अडकलेल्या दगडांनी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी ते काढले. फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद केली, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ कसे, हा पेच होता. ही भूमीच त्या काळी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती, असे मानले की पेच सुटतो. तरीही खंडांना सरकविणारे बळ कोणते, हे वेगेनर सांगू शकले नाहीत आणि त्यांची थट्टाच अधिक झाली. १९६० नंतरच्या दशकात सागरतळाच्या अभ्यासाने कवचाचे तुकडे सरकतात, हे पटले. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जात आहे.

याच १९१२ साली कॅप्टन स्कॉट व त्यांचे साथी दक्षिण ध्रुवाहून परतत होते. अन्न संपत आलेले, पाय गारठलेले. तरी बिअर्डमोर हिमनदीकाठचे सुमारे सोळा किलो दगड त्यांनी घसरगाडीवर लादले आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. नोव्हेंबरात शोधपथकास त्यांचे देह सापडले, त्यांच्याबरोबर हे दगडही. केंब्रिजचे प्राध्यापक सेवर्ड यांनी ते तपासले. १९१४ मध्ये त्यांनी सांगितले, की त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पाने आहेत.