रोमची शाळा कोसबाडच्या अंगणात



मुलगी पदवीधर झाली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, आता पुढे काय? वसई-विरारच्या काही मुली हल्ली म्हणतात, बाहेरच्या देशांतलं शिक्षण समजून घ्यायचं आणि त्यातच काम करायचं. अशा वेळी आम्हाला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर बाई शोधावी लागे. पुढे संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाल्या. पद मोठं होतं. तरी ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या.

गिजुभाईंनी मारिया माँटेसरी यांची पद्धत अभ्यासली होती. माँटेसरीबाई इटलीच्या डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोममधल्या गरिबांच्या वस्तीत बालगृह उघडलं. मुलाच्या हाताला आवडीचं काम द्या, धाक नको, मूल आपण होऊन शिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. ताराबाईंनी हे शिक्षण मराठी-गुजराती घरांपर्यंत पोचवलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून ती शाळा शहरातल्या सुखवस्तू मुलांचीच होऊन बसली. खेड्यातल्या मुलाचं काय?

उत्तर शोधायला त्या १९४५ साली बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंना लहानपणीच वैधव्य आलं होतं. शिकत शिकत त्या शिक्षिका झाल्या होत्या, आणि पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर घेतली! बोर्डीत गरिबांची मुलं बालवाडीत येईनात. आई मजुरीला, धाकटं भावंड कडेवर. मूल येणार कसं? मग या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांसाठी शंख-शिंपले, चिंचोके, पानं आणि खडे हीच साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत असताना तिथेच शिकणं.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या होत्या. आज गावोगावी सेविका हे काम करतात. त्यांना अजूनही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हे आम्हाला बोचतं.

म्हणून लेकींना आम्ही सांगतो, परदेशातलं जरूर शिका, तिकडे जायची संधी मिळाली तर जा. पण कोसबाडही एकदा बघून या. विरारहून डहाणूची लोकल जाते. आणि बयांनो, आपल्या अंगणवाडीच्या ताईला उद्या भेटाल, तेव्हा तिच्या कामाचं मूळ कुठवर गेलंय, ते तिला आवर्जून सांगा.