उभ्या गाडीचा कागद

ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीच्या काचेवर कर भरल्याची गोल चकती लावावी लागे. जुनी गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली, तर करही नाही आणि विचारणाही नाही. करबुडव्यांनाही हीच सबब सापडे : ‘गाडी वापरातच नव्हती!’ म्हणून ३१ जानेवारी १९९८ पासून नवा नियम आला. कर भरा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणणार नाही असे सरकारला कळवा. या नोंदीला ‘सॉर्न’ म्हणतात. त्याआधीपासून कर न भरता रस्त्याबाहेर पडून राहिलेल्या गाड्या तेवढ्या सुटल्या. २०१३ मध्ये नोंदीचे वार्षिक नूतनीकरण गेले, २०१४ मध्ये चकतीही गेली. आज चाळीस वर्षांवरील जुन्या मोटारीला करमाफी मिळते, कागदाची माफी मात्र नाही. चालणाऱ्याचा हिशेब सरकार पूर्वीपासून ठेवी. आता थांबलेल्यालाही आपले थांबणे लिहून द्यावे लागते.