बर्लिनचा प्रबंध

पीएच्. डी. ही पदवी आतां पुण्यांत इतकी परिचयाची झाली आहे कीं, नांवामागें 'डॉ.' पाहिलें म्हणजे गृहस्थ वैद्य आहेत कीं विद्वान्, हें विचारून घ्यावें लागतें. पदवी सर्वांना दिसते; तिच्यासाठीं लिहिलेला प्रबंध मात्र सहसा कोणी उघडून पाहात नाहीं. तो ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जातो, आणि तो लिहितांना विद्यार्थ्याच्या वाट्यास काय काय आलें, तेंही त्याच्याबरोबर तेथेंच पडून राहतें. पुण्याच्या एका विदुषीनें १९२८ ते १९३० या काळांत बर्लिन येथें केलेला असा एक प्रबंध कित्येक वर्षें मिटलेलाच होता. त्या विदुषी म्हणजे इरावतीबाई कर्वे. 'युगांत' लिहिणाऱ्या म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु 'युगांत' १९६७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि ही हकीकत त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षें आधींची आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांतील मिंज्यान या गांवीं झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथें नोकरीस होते, आणि मुलीचें नांव त्यांनीं त्या देशाच्या महानदीवरून ठेविलें. सातव्या वर्षीं ही मुलगी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत आली व पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं, त्यांची कन्या शकुंतला हिच्या बरोबरीनें वाढली. १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या बी. ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाली, आणि मुंबई विद्यापीठांत प्रो. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ सालीं त्यांनीं एम्. ए. ची पदवी घेतली. त्या पदवीसाठीं त्यांनीं विषय निवडला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे आपल्याच जातीचा. ज्या घरांत आपण लहानाचे मोठे झालों, तें घर परक्या माणसाच्या नजरेनें पाहण्याची ही पहिली तालीम होती असें म्हणतां येईल.

एव्हांना त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशीं झाला होता. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनींत शिकून आलेले. पत्नीनेंही तेथें जाऊन डॉक्टरेट करावी, असें त्यांना मनापासून वाटे. विरोध झाला तो सासऱ्यांकडून, आणि सासरे कोण, तर महर्षि धोंडो केशव कर्वे! ज्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें, त्यांनीं आपल्या सुनेच्या परदेशगमनास संमति देऊं नये, याचें वाचकांस नवल वाटेल. पण महर्षींच्या विद्यापीठाची मूळ योजना पाहिली तर तें नवल थोडें ओसरतें. स्त्रियांचें जीवनकार्य पुरुषांहून वेगळें, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा, मातृभाषेंतून दिलेला व गृहजीवनास उपयोगी पडणारा असावा, या विचारावर ती उभारलेली होती. घरापासून हजारों मैल दूर राहून मानववंशशास्त्राचें संशोधन करणारी सून त्या योजनेंत बसत नव्हती. थोर सुधारकाच्याही सुधारणेला कुंपण असतें, आणि तें बहुधा स्वतःच्या अंगणापाशींच घातलेलें आढळतें.

पैशाची अडचण डॉ. जीवराज मेहता यांनीं दूर केली. त्यांनीं कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२८ सालीं इरावतीबाई बर्लिनला गेल्या. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२९ च्या उन्हाळ्यांत, महर्षि स्वतः युरोपच्या दौऱ्यावर निघाले व जिनीव्हा येथील शिक्षणपरिषदेंत हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर बोलले. त्या वेळीं त्यांची सून त्याच खंडांत कवट्या मोजीत होती.

बर्लिनच्या डालेम या उपनगरांत १९२७ सालीं कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा उघडली होती. मानववंशशास्त्र, मानवी अनुवंशशास्त्र आणि सुप्रजाजननशास्त्र असे तीन विषय तिच्या नांवांतच गोंवलेले होते. संचालक होते प्रो. ऑयगेन फिशर. १९०८ सालीं जर्मनीच्या ताब्यांतील नैर्ऋत्य आफ्रिकेंत जाऊन यूरोपीय पुरुष व आफ्रिकन स्त्रिया यांच्या संततीचा त्यांनीं अभ्यास केला होता, आणि १९१३ सालीं निघालेल्या त्यावरील ग्रंथानें त्यांचें नांव सर्वत्र झालें होतें. वंशावंशांत उच्चनीच भेद निसर्गानेंच ठेविला आहे, ही त्यांची दृढ समजूत होती, आणि ती समजूत त्या काळीं विद्वत्सभांतून शास्त्र म्हणून मिरवत होती. या गृहस्थांच्या हाताखालीं इरावतीबाईंना प्रबंध करावयाचा होता.

विषय ठरला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. माणसाचें डोकें उजव्या व डाव्या बाजूंस अगदीं सारखें कधींच नसतें. आरशांत नीट पाहणाऱ्यास हें आपल्या चेहऱ्यावरूनच कळेल. हा फरक निरोगी माणसांतही असतो, म्हणून त्याला शास्त्रज्ञ स्वाभाविक विषमता म्हणतात. फिशर यांचा तर्क असा कीं, गोऱ्या यूरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्या भागांत तर्कबुद्धीचें ठाणें आहे, आणि म्हणून यूरोपीय कवटी इतरांच्या कवटीपेक्षां अधिक विषम असली पाहिजे. कवटीवरून मेंदू, मेंदूवरून बुद्धि आणि बुद्धीवरून वंशाची थोरवी, अशा या उड्या होत्या. त्यांतील एकीलाही पुरता आधार नव्हता. तथापि पहिली उडी तरी मोजपट्टीनें तपासतां येण्याजोगी होती, आणि ती तपासण्याचें काम या पुण्याच्या विद्यार्थिनीकडे आलें.

तिनें १४९ कवट्या मोजल्या. हा आंकडा उच्चारावयास सोपा आहे. पण असें मापन म्हणजे काय, याची थोडी कल्पना असल्याशिवाय त्यांतील श्रम ध्यानांत येणार नाहींत. कवटीवर कांहीं ठराविक बिंदू असतात: भुंवयांच्या मधला, कानाच्या छिद्राचा, मागच्या उंचवट्याचा, हाडांच्या सांध्यांचा. हे बिंदू आधीं निश्चित करावयाचे, मग वांकड्या पायांच्या कंपासानें व सरकत्या पट्टीनें एकापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर घ्यावयाचें. विषमता मोजावयाची म्हटली म्हणजे प्रत्येक माप दोनदां, उजवीकडचें एक आणि डावीकडचें एक. फरक येतो तो मिलिमीटरांत. कवटीची मध्यरेषा मानतांना हात थोडा चुकला, तर जी विषमता हाडांत नाहीं ती कागदावर उत्पन्न होते. मोजणाऱ्याच्या मनांत आधींपासूनच एखादें उत्तर बसलें असेल तर हात त्या बाजूला किती सहज ढळेल, हें सांगावयास नको. आणि येथें तर तें उत्तर संस्थेच्या संचालकांनींच देऊन ठेविलें होतें.

त्या कवट्यांत यूरोपीय होत्या, तशा यूरोपाबाहेरच्याही होत्या. पहिल्या महायुद्धापूर्वीं आफ्रिकेंत व प्रशांत महासागरांतील बेटांवर जर्मनीच्या वसाहती होत्या, आणि तेथून शेंकडों कवट्या बर्लिनच्या संग्रहांत येऊन पडल्या होत्या. थडगीं उकरून आणलेल्या, लढायांनंतर गोळा केलेल्या अशा त्या होत्या. मेलेल्यांच्या आप्तांना कोणी विचारलें नव्हतें. पारतंत्र्यांतील देशाची एक विद्यार्थिनी, परतंत्र झालेल्या दुसऱ्या लोकांचीं मस्तकें हातांत घेऊन त्यांच्या बुद्धीचें माप काढीत बसली आहे, असा तो प्रसंग होता. तिच्या मेजावर हिंदुस्थानची कवटी ठेविली असती, तर या तर्काप्रमाणें ती कोणत्या रांगेंत बसली असती, हें उघड आहे.

बाहेर बर्लिनमध्यें दिवस बरे नव्हते. १९२८-२९ चा हिंवाळा यूरोपांत कडाक्याचा गेला. १९२९ च्या मे महिन्याच्या आरंभीं कामगारांच्या मिरवणुकींवरून दंगल झाली, पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, आणि तीस माणसांहून अधिक लोक मेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला व जर्मनींत बेकारी भराभर वाढली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकींत हिटलरच्या पक्षाला १०७ जागा मिळाल्या. त्यापूर्वींच्या निवडणुकींत अवघ्या १२ मिळाल्या होत्या. वंशश्रेष्ठत्वाची जी भाषा डालेमच्या संस्थेंत सौम्य व सभ्य शब्दांत चाले, तीच आतां रस्त्यांतून ओरडून बोलली जाऊं लागली.

मापें पुरीं झालीं, कोष्टकें मांडलीं, सरासऱ्या काढल्या. कवट्या विषम होत्या यांत शंका नव्हती. मात्र ती विषमता वंशावर अवलंबून आहे, असें कोठेंही दिसेना. गोऱ्यांची कवटी अधिक विषम आणि काळ्यांची कमी, असा कांहीं संबंध आंकड्यांतून निघाला नाहीं.

अशा वेळीं विद्यार्थ्यापुढें काय उभें राहतें, हें पदवीच्या वाटेनें गेलेल्यांस ठाऊक आहे. जर्मन भाषेंत संशोधनाच्या मार्गदर्शकाला 'डॉक्टरफाटर', म्हणजे डॉक्टर-पिता, म्हणतात. तोच विषय देतो, तोच संग्रह उघडून देतो, तोच परीक्षा घेतो. पित्याच्या मताविरुद्ध मुलीनें लिहावयाचें, तेंही परक्या देशांत, परक्या भाषेंत, कर्जाच्या पैशावर आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून! निष्कर्ष जरा मोघम लिहिला असता, 'आणखी कवट्या तपासल्याविना निश्चित सांगतां येत नाहीं' असें एक वाक्य घातलें असतें, तर कोणी दोष दिला नसता. अशीं वाक्यें प्रबंधांतून पुष्कळ सांपडतात. इरावतीबाईंनीं तें केलें नाहीं. वंश आणि कवटीची विषमता यांचा संबंध आढळत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें.

मार्गदर्शकाशीं मतभेद झाला म्हणजे विद्यार्थ्याचें नुकसान झालेंच पाहिजे, असें नाहीं. डॉ. आंबेडकरांचा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनीं एकदां परत केला होता. तो सुधारून पुन्हां द्यावा लागला, तेव्हां १९२३ सालीं त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्रो. कॅनन यांना त्यांतील कित्येक मतें पटलीं नव्हतीं, आणि तरीही पुस्तकाला प्रस्तावना कॅनन यांनींच लिहिली, तींत आपला मतभेदही नमूद केला. गुरूचें मोठेपण असेंही असूं शकतें. फिशर यांच्याकडून इरावतीबाईंना तें लाभलें नाहीं. प्रबंध नाकारणें त्यांना शक्य झालें नाहीं, कारण मापें बिनचूक होतीं; त्यांनीं उत्तीर्णांना द्यावयाच्या श्रेणींपैकीं अगदीं खालची श्रेणी दिली. पीएच्. डी. मिळाली आणि १९३० सालीं इरावतीबाईंचा बर्लिनचा अभ्यास संपला.

फिशर १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि नाझी राजवटीच्या वांशिक कायद्यांना त्यांच्या संस्थेनें शास्त्राचा पाठिंबा पुरविला. १९४२ सालीं ते निवृत्त झाले. त्यांच्या जागीं आलेल्या फेर्शूअर यांच्याकडे ऑश्विट्झच्या छळछावणींतून त्यांचा शिष्य मेंगेले हा मृतांचे अवयव पाठवीत असे. संस्थेची इमारत अद्याप उभी आहे व तेथें आतां विद्यापीठाचे वर्ग भरतात. २०१४ सालीं तिच्याजवळ बांधकाम चालू असतां मानवी अस्थि सांपडल्या. पुढें पुरातत्त्वज्ञांनीं तेथें खोदून हजारों तुकडे बाहेर काढले. मार्च २०२३ मध्यें ते सन्मानपूर्वक पुरण्यांत आले. इरावतीबाईंच्या प्रबंधाची चर्चाही याच सुमारास पुन्हां सुरू झाली. त्यांची नात उर्मिला देशपांडे व संशोधक तियागो पिंटो बार्बोसा यांनीं लिहिलेलें त्यांचें इंग्रजी चरित्र २०२४ सालीं निघालें, आणि १४९ कवट्यांची गोष्ट त्यायोगें सामान्य वाचकांपर्यंत पोहोंचली.

पुण्यास परतल्यावर इरावतीबाईंनीं कांहीं वर्षें नोकरी केली ती महर्षींच्याच महिला विद्यापीठांत, कुलसचिव म्हणून. ज्या विद्यापीठाच्या कल्पनेंत त्यांचें बर्लिनला जाणें बसत नव्हतें, त्याच्याच पदवीदानाच्या याद्या त्यांनीं तपासल्या. १९३९ सालीं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, तेव्हां त्या तेथें गेल्या व अखेरपर्यंत तेथेंच राहिल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचें निधन झालें.

बर्लिनच्या अनुभवानें त्यांनीं कंपास टाकून दिला असेल, असा कोणी तर्क करील, पण तो खरा नाहीं. गुजरातेंत लांघणज येथें प्रो. सांकलिया यांच्या उत्खननांत निघालेले सांगाडे त्यांनींच तपासले. महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचीं डोकीं, नाकें व उंची मोजीत त्या गांवोगांव हिंडल्या, आणि वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्या मापांचा ग्रंथ १९५१ सालीं प्रसिद्ध केला. वंशाची परिभाषाही त्यांनीं पुरती सोडली नाहीं. त्यांच्या लिखाणांतील हा भाग आज वाचतांना खटकतो, आणि तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र मापांतून जें निघेल तें लिहावयाचें, ही संवय त्यांची कायम राहिली. एकच धंदा करणारे, एकच नांव लावणारे महाराष्ट्रांतील कुंभार हे वस्तुतः परस्परांशीं विवाह न करणाऱ्या निरनिराळ्या जाति आहेत, एका जातीच्या फुटून झालेल्या शाखा नव्हेत, असें त्यांनीं मांडलें. आणि हें मत त्यांचे पहिले गुरु प्रो. घुर्ये यांच्या मताविरुद्ध होतें. १९६८ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनीं महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण जातींच्या शारीरिक मापांची तुलना एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापली. चाळीस वर्षांपूर्वीं एम्. ए. साठीं ज्यांच्यावर निबंध लिहिला होता, ते चित्पावन त्या आठांत होते.