पहिलवानाचा पगार

तळोजा पाचनंद स्टेशनवर दिवा–पनवेल गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारचा पोरगा मोबाईलवर सुमो कुस्ती बघत होता. दोन डोंगर लंगोट बांधून एकमेकांवर आदळत होते.

"काका, ह्यांना पगार किती असेल हो?"

औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वाढलेलं पोर! कोण जिंकलं, हा प्रश्न दुसरा.

आता जपानात सुमो ही रीतसर नोकरीच. वर्षाला सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. जिंकला की पायरी वर, हरला की खाली. वरच्या दोन वर्गांत पोचला की दरमहा पगार. तोवर गुरूच्या घरी जेवायचं आणि थोरल्यांची कामं करायची. म्हणजे आपली तालीमच म्हणा ना, पगार तेवढा वगळून.

आपल्याकडचा हिशेब बघायचा तर खाशाबा जाधवांचा बघावा. गाव गोळेश्वर, कराडजवळ. गट 57 किलोचा. सुमोवाल्याच्या एका मांडीत मावले असते! 1948 साली लंडनला गेले, तोवर सारी कुस्ती तांबड्या मातीतली. गादी ही झोपायची वस्तू. तरी सहावे आले.

1952 ला हेलसिंकीला जायचं, तर पैसे कुठले? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (आमचे प्राचार्य ग्रंथालयाच्या पुस्तकालासुद्धा अनामत मागत.)

तिथे जपानच्या इशीशी लांबलेली झुंज झाली, खाशाबा हरले. घाम पुसतात तोच सोव्हिएत ममेदबेयोव्हशी लढायला बोलावणं! नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती हवी. पण ते भांडून सांगायला आपला एक अधिकारी जागेवर नव्हता. दमलेला गडी लढला आणि हरला. तरीही कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, त्या दिवशी सात तास लागले.

मिरवणूक संपली, आणि पदकवीरानं काय करावं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

पगार सुरू झाला 1955 साली. तोही कुस्तीचा नव्हे, पोलीस खात्यातल्या फौजदारकीचा. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो 2000 सालचा, मरणोत्तर.