सालामांकाच्या आधी काय? देवणीतून दिसणारा समावेशित अभ्यासक्रमाचा इतिहास

समावेशित शिक्षणावरचा कुठलाही संशोधन आराखडा उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर १९९४ चा सालामांका जाहीरनामा येतोच. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, आणि झाला साहित्याचा आढावा! पेटच्या मुलाखतीत एवढ्यावर निभावूनही जातं. पण त्यातून समज असा होतो, की वेगवेगळ्या गरजांच्या मुलांसाठी अभ्यासक्रम कसा आखायचा हा प्रश्न स्पेनमधल्या एका परिषदेत जन्मला आणि तिथून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचला. माझ्या अभ्यासाचा तालुका देवणी. तिथून मागे पाहिलं तर हा प्रश्न बराच जुना निघतो.

देवणी म्हणजे लातूर जिल्ह्याचं कर्नाटकाला लागून असलेलं टोक. बाहेरच्यांना हे नाव माहीत असतं ते देवणी गोवंशामुळे. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे त्याचे प्रकार इथला शेतकरी नुसत्या रंगावरून सांगतो. जनावरांत इतका बारकावा पाहणाऱ्या मुलखातल्या मुलांकडे अभ्यासक्रमानं मात्र फार काळ सरसकटच पाहिलं.

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीरचा सगळा परिसर तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडायचा, आणि कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. शिक्षणाच्या इतिहासात त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तही आहे. पण तीच गोष्ट आता घरी मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या बाजूनं वाचा. वरच्या इयत्तेत भूमितीचा सिद्धांत कळायच्या आधी त्याला भाषेचा उंबरा ओलांडायचा आहे. या मुलाच्या डोळ्यांत, कानांत, बुद्धीत कसलीच कमतरता नाही. त्याची अडचण आराखड्यानं तयार केलेली आहे. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. हा भाग स्वातंत्र्यलढ्याचा म्हणून आपण वाचतो. तो अभ्यासक्रमाच्या इतिहासातही बसतो.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेले. अलीकडची शाळा मराठी झाली, पलीकडची कन्नड. मराठी मुलाचं ओझं इथे उतरलं खरं, पण रेषेच्या अलीकडे घरी कन्नड बोलणारी मुलं होती आणि पलीकडे मराठी बोलणारी. ओझं त्यांच्या पाठीवर गेलं. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या पोराला तर १९५६ च्या आधीही पाठ्यपुस्तक परकं होतं आणि नंतरही परकंच राहिलं. राजवट बदलली तरी ज्याच्या जागेत फरक पडला नाही असं मूल शोधणं, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

आता मराठवाड्याबाहेर जाऊ, कारण वरच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे दोन जुने प्रयत्न महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झाले. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते परीक्षेत विचारलं जातं. पण त्यात अभ्यासक्रमाचाही तपशील आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे, खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा कमी चालेल, पण कमी उपयोगाचा नको. म्हणजे कुणब्याच्या मुलाला शाळेत आणा एवढ्यावर फुले थांबले नाहीत. तो आल्यावर त्याच्यापुढे काय ठेवणार, हेही त्यांनी विचारलं.

दुसरा प्रयत्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई माँटेसरी पद्धत कोळून प्यालेल्या, पण ती महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? मग खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. आणि तरीही वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. हीच ती कुरणशाळा. आजच्या शब्दांत सांगायचं तर त्यांनी जागा, वेळ आणि साधनं बदलली, आणि शिकायचा हक्क तेवढा तसाच ठेवला. ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ हा शब्द पाठ करण्याआधी कुरणशाळा समजून घ्या. तो शब्द मग आपोआप कळतो. देवणीसारख्या गुराढोरांच्या तालुक्यात तर ती समजायला वेळच लागत नाही.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत ही गाडी उशिरा आली. केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना १९७४ ची. सुरुवातीला ती समाजकल्याण खात्याकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. ही आठ वर्षं परीक्षेत कुणी विचारत नाही. मी मात्र विचारलं असतं. मूल शाळेत बसवणं हे तोवर कल्याणाचं काम मानलं गेलं होतं, शिकवण्याचं नव्हे. ‘एकात्म’ आणि ‘समावेशित’ यांतला फरक इथेच आहे. एकात्ममध्ये मूल शाळेत बसेल असं घडवायचं. समावेशितमध्ये शाळेनं बदलायचं. २०१६ च्या कायद्यातली व्याख्या शिकवण्याची आणि शिकण्याची व्यवस्था मुलांच्या गरजेनुसार बदलायला सांगते. प्रत्यक्षात सवलतींचा भर अजून परीक्षेवरच दिसतो: लेखनिक द्या, जादा वेळ द्या. वर्षभर फळ्यावरचं न दिसलेल्या मुलाला मार्चमध्ये जादा वेळ मिळाला तरी तो त्यात लिहिणार काय?

तुम्ही या विषयावर आराखडा लिहिणार असाल तर कायद्यांच्या यादीआधी एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहायची परवानगी मागा. लहान मुलांच्या नोंदी आहेत, तेव्हा नावं टिपायची नाहीत. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वर्षावर्षानं उतरवून घ्या. तिथे नोंद मुलाबद्दल असते: सतत गैरहजर, परगावी गेला, नापास. शेजारी दुसरा रकाना स्वतःच्या वहीत आखा आणि त्या वर्षी शाळेची भाषा कोणती होती, सुगी कधी होती, वर्ग कुठे भरत होता, ते त्यात भरत जा.