लॅटिन शब्दमूले व इंग्रजी शब्दाध्ययन
इंग्रजी शब्दांची उपसर्ग, मूल आणि प्रत्यय अशी फोड करून त्यांचे अर्थ शिकण्याची पद्धती. इंग्रजी ही जर्मानिक गटातील भाषा असली, तरी तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग लॅटिनमधून प्रत्यक्ष किंवा फ्रेंचमार्फत आलेला आहे. त्यामुळे ‘हँड’, ‘टूथ’ हे रोजच्या वापरातील शब्द एका कुळातील, तर त्यांच्याशी अर्थाने निगडित असलेली ‘मॅन्युअल’, ‘डेंटल’ ही विशेषणे दुसऱ्या कुळातील, अशी स्थिती निर्माण झाली. लॅटिन न जाणणाऱ्यास हा संबंध सहजी दिसत नाही. ही उणीव भरून काढणे, हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय.

‘स्ट्रीट’, ‘वाइन’ यांसारखे शब्द रोमन लोकांच्या संपर्कातून फार पूर्वीच आले होते. ५९७ मध्ये ऑगस्टीनच्या धर्मप्रसारास आरंभ झाल्यावर धर्मविषयक, तर १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर कायदा व राज्यकारभार यांविषयीचे शब्द रूढ झाले. सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन शब्द थेट उचलण्यास सुरुवात केली व त्यावरून तीव्र वाद माजला. टॉमस एलियटने असे शब्द हेतुपुरस्सर योजले. टॉमस विल्सनने १५५३ मध्ये त्यांच्या अतिरेकाची थट्टा केली. रॅल्फ लीव्हरने १५७३ मध्ये ‘कन्क्लूजन’ऐवजी ‘एंडसे’ हा देशी शब्द सुचविला. पण तो टिकला नाही.

या वादाला सामाजिक बाजूही होती. लॅटिन शिकविणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये प्रामुख्याने मुलगेच जात. रॉबर्ट कॉड्रीचा १६०४ मधील सुमारे २,५०० शब्दांचा कोश स्त्रिया व इतर अल्पशिक्षित वाचकांसाठी होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे शालेय पुस्तकांनी हेच कार्य शब्दमूलांच्या आधारे केले. विल्यम स्विंटनचे न्यू वर्ड-ॲनॅलिसिस (१८७९) त्यांपैकी एक. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील प्रवेशासाठी असलेली लॅटिनची सक्ती १९६० मध्ये उठविण्याचे ठरले. तथापि शब्दमूलांचा अभ्यास चालूच राहिला. नॉर्मन लूइसचे वर्ड पॉवर मेड ईझी (१९४९) भारतातही विद्यार्थिप्रिय ठरले.

‘पोर्तारे’ (वाहून नेणे) या एका क्रियापदावरून ‘इंपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’ हे शब्द उलगडतात. ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग ‘इंपॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’ यांत पुढील वर्णानुसार रूप पालटतो. ‘सत्’ व ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो, हे जाणणाऱ्या मराठी भाषकास हा पालट अपरिचित वाटत नाही.

मात्र मूलार्थ म्हणजे प्रचलित अर्थ नव्हे. ‘हृ’ या एकाच धातूपासून ‘आहार’, ‘विहार’ आणि ‘संहार’ हे भिन्नार्थी शब्द होतात, तसेच इंग्रजीतही घडते. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने करणे. आज ते यंत्राने होते. ‘इन्फ्लेमेबल’ मधील ‘इन’ नकारार्थी नाही; तो शब्द ज्वालाग्राही पदार्थाचा वाचक आहे व त्याचा विपरीत अर्थ घेणे धोक्याचे ठरते. ‘पेडेस्ट्रियन’ मध्ये लॅटिन ‘पाय’ आहे, तर ‘पीडिॲट्रिक्स’ मध्ये ग्रीक ‘मूल’. म्हणून शब्दमूल अर्थाची दिशा दाखविते. निश्चिती मात्र वापरावरूनच होते.