सुरतेचा मंडप आणि स्टील गिटारची तार

पायांवर उभी केलेली आडवी गिटार, वादकाच्या डाव्या हातात पोलादी दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि पायाखाली पट्ट्या, अशा थाटात वाजणाऱ्या पेडल स्टील गिटारला ध्वनिक्षेपक कोणता जोडावा, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: गर्दीत बुडणारा आवाज वर कसा काढावयाचा, आणि तो वर काढताना त्यातले काय राखावयाचे? या प्रश्नाचा विचार करू लागले की माझे मन प्रथम सुरतेस जाते.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन भरले. ते व्हावयाचे होते नागपूरला. परंतु तेथे टिळकपक्षाचा जोर दिसताच स्थळ बदलण्यात आले. २६ तारखेस डॉ. रासबिहारी घोष यांच्या नावास अनुमोदन देण्यासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. साऱ्या हिंदुस्थानात त्यांच्या वाणीचा दबदबा होता. पण त्या दिवशी मंडपातील आरडाओरड्यापुढे त्या वाणीचे काही चालले नाही आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांनी आपल्याला बोलू द्यावे म्हणून स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली. तिची दखल घेतली गेली नाही, तेव्हा ते स्वतः व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. पुढे एक जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि सभा उधळली. हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊकच आहे.

त्या मंडपात ध्वनिक्षेपक असता तर फूट टळली असती काय? मला तसे वाटत नाही. ज्यांनी टिळकांची चिठ्ठी बाजूस सारली, मायक्रोफोन त्यांच्याच हाती राहिला असता. यंत्र आवाज मोठा करते. कोणाचा आवाज मोठा करावयाचा आणि त्यातला कोणता अंश पुढे पाठवावयाचा, हे माणसाने आधी ठरवावे लागते.

तीस वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, याच सुरत जिल्ह्यात तापीकाठच्या हरिपुरा गावी पुन्हा राष्ट्रीय सभा भरली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते आणि वसविलेल्या नगरीला विठ्ठलभाई पटेलांचे नाव देऊन विठ्ठलनगर म्हटले होते. एव्हाना वक्त्यासमोर मायक्रोफोन आला होता. मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने त्या दशकात सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम अंगावर घेतले होते. छातीचा जोर हा पुढारीपणाचा आवश्यक गुण उरला नाही. हळू बोलणाऱ्याचेही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू लागले.

मैदानी सभेचे हे काम साधले ते कर्ण्याने. कर्ण्याच्या अरुंद गळ्याशी एक लहानसा पडदा थरथरतो आणि रुंदावत जाणारी नळी ती थरथर बाहेरच्या हवेला बेताबेताने सोपविते. त्यामुळे थोड्या विजेत पुष्कळ आवाज निघतो. कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक शंभर भाग विजेतून जेमतेम चार-पाच भाग ध्वनी देतो. चांगला कर्णा त्याच्या कितीतरी पट देतो. निर्वात नळ्यांच्या त्या काळातील ध्वनिवर्धकांची शक्ती बेताचीच असल्यामुळे हा फरक निर्णायक होता. लहान कर्णा खर्जाचे स्वर गाळून टाकतो खरा. परंतु बोललेला शब्द समजण्यासाठी सेकंदाला तीनशेपासून तीन हजारांपर्यंतची कंपनेच बव्हंशी पुरतात. वक्तृत्वाचे त्यामुळे काही बिघडत नाही. गाण्याचे मात्र बिघडते, आणि तारेचे तर फारच बिघडते.

येथे गिटारची हकीकत सांगितली पाहिजे. तारेवर पोलाद सरकवून वाजविण्याची ही रीत हवाई बेटांतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याने ती रूढ केली असे मानतात. अमेरिकेतील वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज बुडू लागला. सुरतेच्या मंडपात सुरेंद्रनाथांची जी अडचण झाली, तीच या तारेची झाली. त्यातूनच १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये विजेवर चालणारी गिटार विक्रीस आली, आणि ती मांडीवरची स्टील गिटारच होती. तिचा आकार पाहून लोक तिला थट्टेने ‘तळणीचा तवा’ म्हणत. पुढे तिला पाय आले, तारांचा ताण वाजता वाजता बदलणाऱ्या पट्ट्या आल्या. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्सच्या एका ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्सने त्या पट्ट्यांची करामत ऐकविली आणि पेडल स्टीलची वाट रुळली.

या वाद्याचे मर्म आहे लांबलेला स्वर. तार छेडली की स्वर ओसरू लागतो. तो ओसरेल तसतसा वादक आवाजाची वेगळी पट्टी पायाने दाबीत जातो आणि स्वर जणू श्वास न घेता चालू राहतो. म्हणून ध्वनिवर्धकात व ध्वनिक्षेपकात पुष्कळ शक्ती शिल्लक असावी लागते. शिवाय एक तार स्थिर राहते आणि दुसरी तिच्या शेजारून सरकत येते. शंकू कच्चा असेल तर दोन स्वरांच्या मिश्रणातून तिसराच, नको असलेला स्वर उमटतो. साध्या विद्युत् गिटारचा वादक बारा इंची ध्वनिक्षेपकाच्या किंचित फाटलेल्या आवाजावर लुब्ध असतो. स्टीलवाल्याला तो फाटलेपणा वर्ज्य. यासाठी या वादकांनी जड चुंबकाचा, रुंद वेटोळ्याचा पंधरा इंची ध्वनिक्षेपक पसंत केला. जेबीएलचा डी-१३० हा त्याचा जुना, नामांकित नमुना.

आपल्याकडे पोलादी दांडीचे आकर्षण निराळ्या कारणाने वाढले. पडद्यांच्या पायऱ्यांवर न अडखळता मींड घेता येते, हे आपल्या वादकांनी ओळखले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी अलीअकबरखाँ यांच्या तालमीत गिटार रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला तीच आहे. मींड म्हणजे दोन स्वरांमधली वाट. तिच्यावर कर्ण्याचा कर्कशपणा चढला की वाट बुजते आणि नुसती दोन टोके उरतात.

तेव्हा निवडू पाहणाऱ्याने आकड्यांच्या आधी कानाची परीक्षा घ्यावी. सर्वांत खालची तार आणि वरच्या दोन तारा एकत्र छेडाव्यात, दांडी सावकाश सरकवावी आणि आवाजाची पट्टी पूर्ण दाबावी. खर्ज घरघरला, किंवा वरच्या तारा एकमेकींत मिसळून गढूळ झाल्या, तर तो ध्वनिक्षेपक कितीही मोठ्याने वाजो, आपल्या कामाचा नाही.

शब्द पोहोचविण्यासाठी हरिपुऱ्याला कर्णा हवा होता आणि तो योग्यच होता. तारेला शंकू हवा, तोही योग्यच. दोहोंची अदलाबदल करणारा माणूस आवाज मोठा करतो. पण जे ऐकवावयाचे होते, नेमके तेच गमावून बसतो.